दादीची पिशवी

मुलांनो, तुमच्या घरी कपाटात किंवा दारामागच्या खुंटीला एक पिशवी असेल. तिच्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्त तपासल्याचे कागद, एक्स-रेचे मोठे पाकीट असे काय काय कोंबलेले असते. दादीला दवाखान्यात न्यायचे ठरले, की अम्मी आधी ही पिशवी शोधते. कधी ती सापडते, कधी सापडत नाही. सापडली तरी नेमका हवा तो कागद तिच्यात नसतो.

मग डॉक्टर विचारतात, "आजी, आधी कोणते औषध चालू होते?"

दादी सांगते, "छोटी पांढरी गोळी."

आता डॉक्टरांनी काय समजावे? रक्तदाबाची गोळी पांढरी असते, मधुमेहाची पांढरी असते आणि तापाचीही पांढरीच असते!

आपल्याला हसू येते. पण ही गोष्ट हसण्यासारखी नाही. काही माणसांना पेनिसिलिन या औषधाचे वावडे असते. त्यांना ते दिले तर अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. प्रसंगी जीवही जातो. असा माणूस बेशुद्ध पडला असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना कोण सांगणार? त्याच्या वतीने बोलू शकते ती फक्त लिहून ठेवलेली नोंद. पण ती योग्य वेळी हाती लागली पाहिजे.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी तेथे 'कतरिना' हे भयंकर चक्रीवादळ आले. शहराचे बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी दुसऱ्या गावी गेले. त्यांच्यात मधुमेहाचे, हृदयविकाराचे, कर्करोगाचे रुग्ण होते. त्यांच्या डॉक्टरांचे दवाखाने बुडाले होते आणि कपाटांतील कागद भिजून त्यांचा लगदा झाला होता. नव्या गावातील डॉक्टरांपुढे हे लोक उभे राहिले, तेव्हा पुष्कळांना आपल्या औषधाचे नावही सांगता येईना. तेथेही तीच छोटी पांढरी गोळी!

त्या शहरात माजी सैनिकांसाठी एक सरकारी रुग्णालय होते. त्याच्या तळघरातही पाणी शिरले. पण तेथील रुग्णांच्या नोंदी संगणकात होत्या आणि त्यांची नक्कल ह्यूस्टन या दुसऱ्या शहरात नेण्यात आली होती. त्यामुळे थोड्याच दिवसांत तेथील रुग्ण दुसऱ्या गावच्या सैनिकी रुग्णालयात गेला, तरी त्याची माहिती डॉक्टरांना पडद्यावर दिसू लागली. त्याचा आजार कोणता, औषध किती, मागच्या तपासणीत काय आढळले, हे सारे त्यांना कळले.

याच सैनिकी रुग्णालयांची आणखी एक हकिकत सांगण्यासारखी आहे. टोपेका या गावी स्यू किनिक नावाची परिचारिका काम करत असे. १९९२ साली ती भाड्याने घेतलेली मोटार परत करायला गेली. तेथील नोकराने हातातल्या लहानशा यंत्राने मोटारीवरच्या उभ्या रेघांची खूण टिपली आणि क्षणात हिशेब पुरा झाला. अशी खूण तुम्ही बिस्किटांच्या पुड्यावर पाहिली आहे. तिला बारकोड म्हणतात. किनिकच्या मनात आले, की मोटारीसाठी हे जमते, तर औषधासाठी का जमू नये?

पुढे तसेच झाले. रुग्णाच्या मनगटावर खुणेची पट्टी असते आणि औषधावरही खूण असते. परिचारिका आधी पट्टी टिपते, मग औषध टिपते. माणूस चुकीचा असेल, औषध दुसरेच असेल किंवा वेळ झाली नसेल, तर संगणक लगेच इशारा देतो. रात्रपाळीत थकलेल्या माणसाला अशा सोबत्याचा मोठा आधार वाटतो. ही कल्पना एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाला नव्हे, तर रोज रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या राहणाऱ्या बाईला सुचली, याचे मला फार कौतुक वाटते.

आपल्या देशातही अशा नोंदींचे काम सुरू झाले आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या योजनेत ज्याला हवा त्याला १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. या क्रमांकाला आपल्या तपासण्यांचे आणि औषधांचे कागद जोडता येतात. ते कोणत्या डॉक्टरांना दाखवायचे, हे मात्र रुग्णाने ठरवायचे असते. ते योग्यच आहे. आपल्या दुखण्याची चर्चा गावभर व्हावी असे कोणाला वाटेल?

पण संगणक आला म्हणजे सारी काळजी मिटली, असे समजू नका. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स' या मोठ्या रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि नोंदी उघडेनात. पुढे कित्येक दिवस तेथील पुष्कळ कामे पूर्वीप्रमाणे कागदावर, हाताने करावी लागली.

दुसरी अडचण तुमच्या-माझ्या नावाची आहे. 'मोहम्मद' हे नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. कोणी नुसते 'मो.' लिहितो, कोणी 'शेख' आधी लिहितो, तर कोणी शेवटी. एका खेपेला एक तऱ्हा, दुसऱ्या खेपेला दुसरी. वयही अंदाजाने सांगितलेले असते. संगणक बिचारा काय करणार? त्याला ही दोन माणसे वाटतात आणि तो एकाच रुग्णाच्या दोन नोंदी करतो. पेनिसिलिनची सूचना पहिल्या नोंदीत राहते आणि डॉक्टर उघडतात दुसरी!

म्हणून केसपेपर काढताना घाई करू नका. खिडकीमागचा माणूस नाव विचारील, तेव्हा आधीचा कागद पुढे करा आणि नाव अगदी तसेच लिहायला सांगा. आरोग्य क्रमांक असेल तर तोही द्या. आणि आज घरी गेल्यावर दादीजवळ बसा. कोणत्या औषधाने तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ते विचारा. तिला नाव आठवणार नाही. पण पिशवीत ती जुनी चिठ्ठी कदाचित असेल.