माय, मोळी आणि निर्गुडी

आमचं तलवाडा त्वरिता देवीच्या डोंगराखाली. दिवाळी सरली की गावातली कित्येक जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. माझी माय वीस हंगाम गेली. तिची कंबर, गुडघे चोळता चोळता जे कळलं, ते लिहिते.

१. निर्गुडी नाकाने ओळखावी. एका देठावर तीन नाहीतर पाच पानं, खालून पांढुरकी. फुलं निळसर जांभळी. पण खरी खात्री पान चुरगाळल्यावर येणाऱ्या उग्र वासाने. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, म्हणून बांधावर कुंपणाला लावतात.

२. तेलाला घाई चालत नाही. पाला वाटून रस काढायचा आणि तिळाच्या तेलात मंद आचेवर आटवायचा. आधी कढई तडतडते, मग हिरवा फेस चढतो, मग आवाज बसत जातो. माय त्या तेलात कापसाची वात बुडवून पेटवते. वात चरचरली तर पाणी राहिलंय. शांत जळली तर कढई उतरवायची. पहिल्यांदा मी वात लावलीच नाही. आठ दिवसांत तेलाला आंबूस वास आला, सगळं ओतून द्यावं लागलं.

तेल कोमट चोळून वर एरंडाची गरम पानं बांधायची. गुडघ्याची झीज त्याने भरून येत नाही, पण अंग सैल पडतं, झोप लागते. दिवसभर डोक्यावर मोळ्या वाहिलेल्या बाईला तेवढीही झोप मोलाची.

३. दाढेला लवंग. तिच्यातलं युजेनॉल दाताचे डॉक्टरही वापरतात. ठणका थांबला तरी कीड तिथेच असते.

४. बिब्ब्याशी सलगी नको. मी बारा वर्षांची असताना मुरगळलेल्या घोट्यावर बिब्ब्याचा चटका दिला. बिब्बा उतला, पायभर पाण्याचे फोड आले. डाग अजून आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, आणि धोतरा पोटात गेला तर जीव.

५. लेपाआधी दुखणं विचारावं. चुलत्यांचा डावा खांदा दुखत होता, घाम फुटला होता. मोळी उचलून भरला असेल म्हणून आम्ही तासभर निर्गुडीचं तेल चोळत बसलो. तो हृदयविकाराचा झटका होता. ते गेले. तो तास मला विसरता येत नाही. अशा झटक्यात डॉक्टर देतात ती अ‍ॅस्पिरिन १८९७ साली जर्मनीत तयार झाली. तिचं मूळ वाळुंजाच्या जातीच्या झाडांच्या सालीत आहे. झाडपाल्यावर माझा राग नाही. पण छातीत, खांद्यात, जबड्यात कळ आली आणि घाम सुटला, तर तेलाची बाटली शोधू नका, गाडी बोलवा.

६. खाड्याच्या भीतीने दुखणं दाबू नये. एक दिवस बसलं की पैसे कापले जातात, म्हणून बायका गोळी गिळून फडात उतरतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. पोटातल्या त्या दुखण्याला माझ्याकडे कुठलाच पाला नाही. त्यांना हवी पगारी सुट्टी, आणि फडाजवळ बाईला तपासणारी डॉक्टरीण.

माय आता फडावर जात नाही. संध्याकाळी ओट्यावर पाय पसरून बसते. मी तेल कोमट करून आधी माझ्या मनगटाला लावून बघते. ती म्हणते, "आज डावा आधी घे."