काळ्या बिअरचं धान्य

लोणार

चि. सुमित,

तू पाठवलेली माल्टची यादी वाचली. वीस लिटर पोर्टरसाठी पाच प्रकारचे काळे माल्ट कशाला? रंग यायला मूठ-दोन मुठी पुरतात. त्यापुढचं सगळं जिभेवर राखेसारखं लागतं.

आधी पाणी बघ. तुझ्या लंडनचं पाणी जड, चुन्याचं. किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरतो तो त्याचाच. असं पाणी मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा, पीएच वर ओढतं आणि भाजलेलं धान्य खाली. दोन्हींचा मेळ बसून तो ५.२ ते ५.६ वर आला की दाण्यातली साखर नीट सुटते. अठराव्या शतकात लंडनला पोर्टर मानवली, त्यात या पाण्याचा मोठा वाटा. आपल्या लोणार सरोवराचं पाणी पीएच दहाच्या घरातलं, आणि त्याच विवराच्या काठावर धारेच्या झऱ्याचं पाणी गोडं. या गावात वाढलेल्या मुलाने पाणी न तपासता धान्य मागवू नये.

आता माप. पेल माल्ट ४ किलो, मॅरिस ऑटर मिळाला तर तोच. ब्राउन ४०० ग्रॅम, क्रिस्टल ३००, चॉकलेट २००. बस. नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तसेच बार्लीलाही मोड आणतात. स्टार्चची साखर करणारे एन्झाइम त्यातूनच मिळतात. दाणा काळा होईस्तो भाजला की ते जळून जातात. म्हणून सगळं काम पेल माल्टने करायचं, काळ्याने फक्त रंग आणि चव द्यायची. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने ड्रममध्ये माल्ट भाजायचं पेटंट घेतलं, तेव्हापासून लंडनचे कारखानेही पेल माल्टवर चिमूटभर काळा घालू लागले.

संभाजीनगरला बिअरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो तेव्हापासूनची माझी सवय तूही लावून घे: प्रत्येक पोत्यातला दाणा चावून बघायचा. पेल माल्ट कुरकुरीत आणि गोडसर लागला पाहिजे. चिवट लागला तर दमट झालाय, परत कर. चॉकलेट माल्टला कॉफीचा वास हवा, करपलेल्या भाकरीचा नको.

तिकडे ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. इथे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना घरी बिअर करणं गुन्हा. तेव्हा सुट्टीत येताना सामान घेऊन येऊ नकोस.

हॉप्स शेवटी ठरव. फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्ज घे. अल्फा आम्ल साडेचार टक्क्यांच्या आसपास असेल तर ५० ग्रॅम तासभर उकळ, तेवढा कडवटपणा पोर्टरला पुरे. अमेरिकी हॉप्सचा संत्र्याचा वास भाजलेल्या दाण्यावर मला अजिबात पटत नाही. पाकीट फोडलंस की चिमूटभर हॉप्स तळहातावर चोळून हुंग. जुन्या चीजसारखा वास आला तर ते पाकीट वापरू नकोस.

पाण्याचा पीएच आणि क्षारता मोजलीस की आकडे कळव. मग माल्टची मापं पुन्हा बघू.

तुझा,
काका