फितना : सोने, अग्नी आणि भुरळ



‘फितना’ हा शब्द आपल्या बोलण्यात वारंवार येतो. मशिदीच्या कारभारावरून मतभेद झाले, की एक बाजू दुसरीला फितना पसरवणारी ठरवते. कोणी अप्रिय प्रश्न विचारला, की तो प्रश्नच फितना होतो. अशा प्रसंगी या शब्दाचे बोट नेहमी दुसऱ्याकडे वळलेले असते. पवित्र कुरआनात हा शब्द कोणकोणत्या अर्थांनी येतो आणि त्याचे बोट कोणाकडे वळते, हे या लेखात पाहू या.

मूळ अर्थ

अरबीत या शब्दाचा धातू ‘फ-त-न’ असा आहे. इमाम रागिब अल-इस्फहानी यांनी कुरआनातील शब्दांवरील आपल्या कोशात त्याचा मूळ अर्थ दिला आहे : खरे-खोटे कळावे म्हणून सोने अग्नीत घालणे. मराठीत आपण ‘तावून-सुलाखून निघणे’ म्हणतो, ते याच सोनाराच्या कामावरून. आगीने सोने जळत नाही, त्यातील हीण तेवढे उघडे पडते. म्हणजे फितना या शब्दाच्या मुळाशी भांडण नाही, परीक्षा आहे.

कुरआनात या धातूपासून बनलेली रूपे सुमारे ६० ठिकाणी येतात. सूरह अज-जारियात (५१:१३) मध्ये अग्नीवर तापवले जाण्याचा मूळ अर्थ अजून शाबूत आहे. सूरह अल-अंबिया (२१:३५) मध्ये अल्लाह सांगतो, की माणसाची परीक्षा वाईटाने होते तशी चांगल्यानेही होते. सूरह अल-अन्फाल (८:२८) मध्ये संपत्ती आणि संतती यांनाच फितना म्हटले आहे. येथे कोणाची निंदा नाही. मुले ही अल्लाहची देणगी आहे. पण त्यांच्यासाठी आपण हलाल-हरामची रेषा ओलांडतो का, हे त्याच देणगीच्या निमित्ताने कळते.

परीक्षेकडून भुरळीकडे

मग परीक्षेचा हा शब्द ‘मार्गावरून ढळवणे’ या अर्थापर्यंत कसा पोहोचला? ज्या गोष्टीने माणूस पारखला जातो, तिच्याच ओढीने तो घसरतोही. सूरह अल-आराफ (७:२७) मध्ये आदमच्या संततीला इशारा दिला आहे, की सैतानाने तुमच्या आई-वडिलांना जन्नतमधून बाहेर काढले, तसे त्याने तुम्हाला फितन्यात पाडू नये. सैतानाने आदम (अलै.) यांच्यावर बळजबरी केली नव्हती. त्याने अमरत्वाचे आमिष दाखवले आणि आपण तुमचे हितचिंतक आहोत अशी शपथ घेतली. भुरळ नेहमी हिताचा वेश घेऊन येते.

बनी इस्राईलच्या वासराचा प्रसंगही असाच आहे. मूसा (अलै.) तूर पर्वतावर गेले असता सामिरीने लोकांच्या दागिन्यांतून वासराची मूर्ती घडवली. तेव्हा हारून (अलै.) यांनी लोकांना समजावले, की या वासराने तुमचा फितना झाला आहे (२०:९०). लोकांना वाटत होते, की आपण दागिने ओतून मूर्ती घडवली. वस्तुतः कस त्यांचाच लागत होता.

मराठीतील ‘फितवणे’ हे क्रियापद अर्थाने याच छटेच्या जवळ जाते. बाहेरच्या तोफांना न जुमानणारा किल्ला आतला एक माणूस फितला की हातचा जातो. मनाच्या किल्ल्याचेही तसेच आहे.

एक गैरवापर

फितना हत्येहून भयंकर आहे, या आशयाची आयत (२:१९१) किरकोळ वादातही सुनावली जाते. तिचा संदर्भ मात्र वेगळा आहे. केवळ ईमानापायी मक्केत ज्यांचा छळ झाला, ज्यांना घरादारातून हाकलले गेले, त्यांच्याविषयी ती बोलते. माणसाला यातना देऊन त्याच्या श्रद्धेपासून तोडणे, हा तेथे फितना आहे. समितीतील हिशेब विचारणाऱ्याला हीच आयत ऐकवणे म्हणजे अल्लाहच्या वचनाची ढाल करून स्वतःला वाचवणे होय.

इमामाला दिलेला इशारा

या शब्दाचा मला सर्वाधिक अंतर्मुख करणारा वापर एका हदीसमध्ये आहे. ह. मुआज बिन जबल (रजि.) हे मोठे विद्वान सहाबी. ते प्रेषित (स.) यांच्यामागे इशाची नमाज अदा करून नंतर आपल्या वस्तीत इमामत करीत. एका रात्री त्यांनी सूरह अल-बकरा सुरू केली. दिवसभर पाणी वाहणाऱ्या उंटांसोबत राबलेला एक माणूस जमात सोडून बाजूला झाला आणि आपली नमाज उरकून निघून गेला. मुआज (रजि.) यांनी त्याला मुनाफिक म्हटले. तक्रार प्रेषित (स.) यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी त्या कष्टकऱ्याला दोष दिला नाही. मुआज (रजि.) यांनाच त्यांनी तीनदा विचारले, की तू ‘फत्तान’, म्हणजे लोकांना फितन्यात टाकणारा, आहेस का? मागे वृद्ध, अशक्त आणि कामाची निकड असलेले लोक उभे असतात, याची आठवण देऊन त्यांनी लहान सूरह पठण करण्यास सांगितले. हा प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

वाचकहो, येथे पाप घडत नव्हते, कुरआनचे पठण चालू होते. तरीही ते एका थकलेल्या माणसाला जमातीपासून दूर लोटत होते. धर्मापासून माणूस दुरावतो तो केवळ मोहामुळे नव्हे. आपल्या कठोरपणामुळेही दुरावतो. मिंबरवरून बोलणाऱ्या आम्हा सर्वांसाठी आणि घरात मुलांना दीन शिकवणाऱ्या प्रत्येक पालकासाठी हा इशारा आहे.

बोट स्वतःकडे

सूरह अल-हदीद (५७:१४) मध्ये कियामतच्या दिवसाचे दृश्य आहे. मुनाफिक लोक ईमानवाल्यांना विचारतील, की आम्ही तुमच्यासोबत नव्हतो का? उत्तर मिळेल, की होता. पण तुम्ही स्वतःच स्वतःला फितन्यात टाकले. म्हणजे शेवटच्या हिशेबात या शब्दाचे बोट आपल्याकडेच वळते.

ह. हुजैफा (रजि.) यांच्या एका हदीसनुसार फितने अंतःकरणावर चटईच्या काड्यांप्रमाणे एकामागून एक येतात. जे मन त्यांना थारा देते, त्यावर काळा ठिपका उमटतो. जे नाकारते, त्यावर पांढरा. पहिल्या काडीलाच नकार देणे सोपे असते. चटई विणून झाल्यावर ती उसवणे कठीण.

म्हणूनच प्रेषित (स.) यांनी नमाजच्या शेवटच्या बैठकीत जीवन आणि मरणाच्या फितन्यापासून अल्लाहचा आश्रय मागण्याची शिकवण दिली. आज ती दुआ करताना आणखी एक मागणे मनात असू द्यावे : हे अल्लाह, आम्हाला फितन्यापासून वाचव आणि आमच्यामुळे कोणी तुझ्या मार्गापासून दुरावेल, अशा अवस्थेपासूनही वाचव. आमीन.