शेतातील भरीत

मुलांनो, मार्गशीर्षात थंडी पडू लागली, की जळगाव-धुळ्याकडील कुटुंबे सायंकाळी शेतात भरिताचा बेत करतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर मोठी हिरवी वांगी भाजतात. वांग्यांस आधी टोचे मारावे लागतात. नाहीतर आत वाफ कोंडून ती फुटतात. जळगावच्या या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वांगी निवल्यावर मुले साली काढतात. कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाऊन सारे शेकोटीभोवती गोष्टी ऐकत बसतात.

परंतु उठण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतण्यास विसरू नये. एका ठिणगीने कडब्याची गंजी पेटली, तर गुरांचा वर्षाचा चारा जातो. आपली मौज मुक्या जनावरांच्या मुळावर येऊ नये, हे यजमानाने प्रथम पाहावे.