पळसाचं ऐकून ठेव

पोरी, पळसाची फुलं झाडावरची ओरबाडू नको. माघ सरला की हिंगणीकडं, बोरच्या जंगलाच्या कडेनं, सकाळी झाडाखाली सडाच पडलेला असतो. ऊन तापायच्या आत तोच वेच. वरच्या फुलांतला रस मैना, शिंजीर पितात आणि त्यांच्याच येण्याजाण्यानं शेंगा धरतात.

देठाकडचा काळपट मखमली टोप काढून टाक, रंग पाकळ्यांत असतो. पाकळ्या सावलीत वाळव. शिमग्याच्या आदल्या रात्री गरम पाण्यात भिजत घातल्या की पिवळा-केशरी रंग उतरतो. चुन्यानं तो गडद होतो, पण चुना डोळ्यांत गेला तर पंचाईत. लेकरांच्या रंगात नकोच. कापड रंगवायचं असेल तर आधी तुरटीच्या पाण्यात उकळ, नाहीतर दोन धुण्यांत रंग गेला म्हणून समज. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, गांधीजींनी 1938 साली उघडलं ते, झाडापाल्याच्या रंगांची खादी पाहायला मिळते. बाजारच्या रंगापुढं ती मंद दिसते, मला तीच आवडते.

पत्रावळीला चैत्राची कोवळी पालवी घेऊ नको, ती फाटते. वैशाख-जेठात पान भरतं, पण करकरीत झालेलं नसतं, तेव्हा तोड. एका देठावरच्या तिन्ही पानांतलं मधलं मोठं नि सरळ, बाजूची दोन तिरपी. मधली बुडाला लाव, तिरपी काठाला. उलट केलंस तर वरण थेट मांडीवर! वाळलेल्या पानांवर टाचायच्या आधी पाणी शिंपड, म्हणजे काडी घालताना तडकत नाहीत.

पोळ्याला दाराशी ठेवायच्या मेढ्याला पळसाची फांदी लागते, ती बाजूची घे. शेंड्याला हात लावायचा नाही.

पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, जंतावर देतात खरी, पण वैद्याला विचारल्याशिवाय लेकराच्या तोंडात घालू नको. पोटुशीला तर मुळीच नाही.

लावायचा असेल तर मिरगाच्या तोंडाशी. शेंग चपटी, हलकी, आणि बी एकच, तेही टोकाशी. ताजंच लाव; जुनं बी दगा देतं. पिशवीत रोप वाढवत बसू नको, मूळ खोल जाणारं आहे, पिशवीत ते गुंडाळून बसतं. धुऱ्यावर जागीच मातीत दाब. ढोरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून काट्यांचं कुंपण नसलं तरी चालतं. नांगरानं मुळी तुटली तर तिथून कोंब फुटतो. वावरात आला तर लहान आहे तोवर खणून काढ, धुऱ्यावर आला तर राहू दे.