भिंती बांधण्याआधी



पुढील दहा वर्षांत आपल्या धर्मग्रामाने काय करावे यासाठी पॅरिश कौन्सिलने सूचना मागवल्या आणि त्या भरपूर आल्या. सभागृह, वाचनालय, तरुणांसाठी मार्गदर्शन केंद्र, दफनभूमीची भिंत. त्यांचा विचार होईलच. त्याआधी आपण सर्वांनी मिळून आपल्या भूतकाळाबद्दल प्रार्थना करावी असे मी सुचवले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “फादर, झाले गेले गंगेला मिळाले, आता कशाला उकरायचे?” अनेकांच्या मनात हाच प्रश्न असेल, म्हणून हे लिहीत आहे.

जुन्या करारातील नहेम्या हा पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमच्या भिंती पडल्या आहेत हे त्याला दूर शूशनच्या राजवाड्यात कळले. त्याने काय केले? लगेच गवंडी गोळा केले नाहीत. तो बसून रडला, उपवास केला, प्रार्थना केली. किस्लेव महिन्यात बातमी आली आणि राजाजवळ त्याने तोंड उघडले ते नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. यरुशलेमला पोहोचल्यावरही तीन दिवस तो गप्पच होता. मग एका रात्री मोजकी माणसे घेऊन निघाला आणि पडलेली भिंत, जळालेल्या वेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला. योजना सांगितली ती त्यानंतर. भिंत मात्र बावन्न दिवसांत उभी राहिली! आपल्याकडे बहुधा उलटे होते. प्रार्थना बावन्न सेकंदांची आणि बांधकाम रेंगाळत चार वर्षे.

त्याच्या प्रार्थनेतील एक गोष्ट विशेष आहे. यरुशलेम बाबेलच्या हाती पडले ते इ.स.पू. ५८७ च्या सुमारास, नहेम्याच्या जवळजवळ एकशे चाळीस वर्षे आधी. ज्या पापांमुळे ते घडले ती त्याने केली नव्हती. तरीही तो ‘त्यांनी’ पाप केले असे म्हणत नाही. मी आणि माझ्या पूर्वजांनी, आम्ही पाप केले, असे देवाला सांगतो.

हे न्याय्य आहे का? तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला हा प्रश्न सुटत नाही. पाप हे करणाऱ्याचेच असते. आजोबांच्या पापाचे पापनिवेदन नातू करू शकत नाही. पण आजोबांची वाडी आपण घेतो, त्यांचे नाव लावतो, त्यांनी सांभाळलेल्या श्रद्धेचा अभिमान बाळगतो. मग त्यांचे देणे तेवढे आपले नाही असे कसे म्हणता येईल? ख्रिस्तसभा हे एक शरीर आहे आणि ते आजच्या जिवंत माणसांपुरते नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी हेच केले. १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात सात वेळा क्षमायाचना झाली. सत्याच्या रक्षणासाठी वापरलेली अयोग्य साधने, ख्रिस्ती लोकांतील फूट, यहुदी लोकांवरील अन्याय, इतर संस्कृती व धर्मांचा अनादर, स्त्रियांचा अवमान, असे एकेक पाप घेऊन कार्डिनल व आर्चबिशप प्रार्थना करीत आणि प्रत्येक वेळी क्रूसापुढे एक दिवा लावला जाई. शेवटी वृद्ध, थकलेल्या पोपमहोदयांनी त्या क्रूसाला मिठी मारली. ही कल्पना सर्वांनाच रुचली होती असे नाही. विरोधकांना शस्त्र मिळेल अशी भीती काही कार्डिनलांनाही वाटत होती. पोपमहोदय डगमगले नाहीत, कारण क्षमा देवाजवळ मागायची होती, विरोधकांजवळ नव्हे. त्यापूर्वी ईशज्ञानी मंडळाने एक सावधगिरी सांगितली होती: खरोखर काय घडले ते आधी इतिहासकारांकडून समजून घ्या आणि जुन्या माणसांना आजच्या मापाने मोजू नका.

आता आपल्या वसईकडे येऊ. १५३४ मध्ये हा मुलूख गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मधल्या काळाने आपल्याला श्रद्धा दिली आणि संत गोन्सालो गार्सिया दिले. येथे जन्मलेल्या या सुपुत्राने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर प्राण दिले. पोर्तुगीज सत्ता गेली तरी आपल्या पूर्वजांनी ख्रिस्त सोडला नाही. त्याबद्दल देवाचे कितीही आभार मानले तरी कमीच.

मात्र आपण आठवतो कसे, ते पाहा. मराठ्यांनी आपल्या चर्चच्या घंटा नेल्या, हे घराघरांत सांगतात. नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात, वाईजवळ मेणवलीला अशा घंटा आजही दाखवतात. पण बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यांत शिवाचे मंदिर होते आणि सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी त्याचे चर्च केले, हे आपल्यापैकी किती जण मुलांना सांगतात? त्या काळी ज्यांची देवळे गेली, त्यांनाही आपल्यासारखेच दुःख झाले असेल. आज कोणी आपल्याकडे बोट दाखवते म्हणून हे आठवायचे नाही. कोणी बोट दाखवले नाही तरी आठवायला हवे.

आणि इतके मागेच कशाला जायचे? आपल्या चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह, दफन यांची नोंद होते. एखाद्या वादानंतर जे कुटुंब हळूहळू मिस्साला यायचे बंद झाले, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? सणाच्या खर्चात, मिरवणुकीच्या मानात, कोणत्या समाजाचा शब्द चालला आणि आपले आदिवासी बांधव मागच्या बाकावरच का राहिले, हेही कुठे लिहिलेले नाही. योजनेचा कागद करण्यापूर्वी नहेम्यासारखी एक फेरी या पडझडीतून मारली पाहिजे.

येत्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर सायंकाळी सात वाजता पवित्र साक्रामेंताची आराधना होईल. अर्धा तास आभार: ज्यांनी शिकवले, गायले, घंटा वाजवली, आजाऱ्यांच्या घरी गेले त्यांची नावे वडीलधाऱ्यांनी मोठ्याने घ्यावीत. अर्धा तास क्षमायाचना: त्यात मात्र कोणाचेही नाव घेऊ नये, ‘आम्ही’ म्हणावे. नंतर शांतता. कौन्सिलची सभा त्या रात्री होणार नाही.

जे अंथरुणावर आहेत त्यांच्या आठवणी घरच्यांनी लिहून गुरुवारपर्यंत कार्यालयात द्याव्यात. कागदावर नाव नसले तरी चालेल.