कचऱ्याचा डबा केवढा असावा?

मुलांनो, चपला घेताना आपण पायाचे माप पाहतो. सदरा शिवताना शिंपी छातीचे माप घेतो. मग स्वयंपाकघरासाठी कचऱ्याचा डबा आणताना आपण माप का घेत नाही? दुकानात जो स्वस्त किंवा मोठा दिसेल तो आपण उचलतो. 'डबा मोठा असला की रोज रिकामा करायला नको,' असे पुष्कळांना वाटते. हा विचार बरोबर आहे का, ते आपण पाहू.

तुमच्या घरात निघणारा कचरा नीट पाहा. भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, हाडे आणि उरलेले अन्न हा ओला कचरा. कागद, पुठ्ठे, पिशव्या आणि बाटल्या हा सुका कचरा. ओला कचरा जड असतो आणि लवकर सडतो. सुका कचरा हलका असतो, जागा जास्त अडवतो, पण सडत नाही. म्हणून दोघांसाठी दोन वेगळे डबे हवेत.

ओल्या कचऱ्यावर माश्या बसतात आणि अंडी घालतात. उन्हाळ्यात एका दिवसाच्या आतच त्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. आठ-दहा दिवसांत त्यांच्या माश्या होतात. याच माश्या उघड्या अन्नावर बसतात आणि हगवण, विषमज्वर यांसारखे रोग पसरवतात. तेव्हा ओल्या कचऱ्याचा डबा रोज रिकामा झालाच पाहिजे, मग तो भरलेला असो वा नसो. डबा फार मोठा असेल तर आपण तो भरण्याची वाट पाहतो, आणि तेवढ्यात कचरा सडतो. याउलट डबा फार लहान असेल तर झाकण बसत नाही आणि कचरा बाहेर सांडतो.

आता माप कसे घ्यावे ते शिकू. एक जुनी बालदी घ्या. एक लीटरच्या बाटलीने तिच्यात पाणी ओता. प्रत्येक बाटलीनंतर पाणी जेथवर येईल तेथे रंगाने रेघ काढा. झाली तुमची मापाची बालदी! पाणी काढून टाका. सात दिवस रोजचा ओला कचरा तिच्यात टाका आणि तो कितव्या रेघेपर्यंत येतो ते वहीत लिहा. सुक्या कचऱ्यासाठीही असेच करा.

समजा, एका घरात सहा माणसे आहेत. त्यांचा एका दिवसाचा ओला कचरा जास्तीत जास्त 6 लीटर भरला. डबा काठोकाठ भरू नये, पाऊणच भरावा, म्हणजे झाकण नीट बसते. 6 हा 8 चा पाऊण भाग आहे. म्हणून या घराला ओल्या कचऱ्यासाठी 8 लीटरचा डबा हवा. सुका कचरा रोज 4 लीटर निघतो आणि तो तीन दिवसांनी द्यायचा असतो. तीन दिवसांचा कचरा 12 लीटर झाला, म्हणून डबा 16 लीटरचा हवा.

दुकानात गोल डबा किती लीटरचा आहे, हे कसे ओळखावे? गणिताच्या तासाला शिकलेले वृत्तचितीचे घनफळ येथे उपयोगी पडते. डब्याचा व्यास 20 सेंटीमीटर आणि उंची 26 सेंटीमीटर असेल, तर 3.14 × 10 × 10 × 26 म्हणजे सुमारे 8,160 घनसेंटीमीटर होतात. 1,000 घनसेंटीमीटर म्हणजे 1 लीटर. हा झाला 8 लीटरचा डबा. उंची तीच ठेवून व्यास 28 सेंटीमीटर घेतला तर तोच डबा 16 लीटरचा होतो! फक्त 8 सेंटीमीटरने रुंद, पण मावते दुप्पट. म्हणून केवळ डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डबा बुडाशी निमुळता असेल तर मध्यावरचा व्यास घ्या.

ईदच्या दिवशी पाहुणे येतात आणि कचरा वाढतो. पण त्या एका दिवसासाठी मोठा डबा आणू नका. त्या दिवशी एक जादा बालदी ठेवली की काम भागते.

कचरा वेगळा ठेवण्याचा फायदा आपल्या घरापुरता नाही. शहराचा सगळा कचरा एकत्र साठला, की ढिगाखाली हवा न मिळाल्याने ओला कचरा सडून मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो. मुंबईत देवनार येथे 1927 साली कचराभूमी सुरू झाली. जानेवारी 2016 मध्ये तेथे मोठी आग लागली. धूर इतका पसरला, की महापालिकेच्या आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नवे नियम केले आणि प्रत्येक घराने कचरा वेगळा करून द्यावा, असे सांगितले.

आपल्याकडे पाकीला किती महत्त्व आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मात्र घराची सफाई हे एकट्या अम्मीचे किंवा आपाचे काम नव्हे. 8 लीटरचा डबा शाळकरी मुलगाही सहज उचलू शकतो. उद्या सकाळी घंटागाडी आली, की तो डबा तुम्ही घेऊन जा.

स्वाध्याय
1. ओल्या कचऱ्याचा डबा रोज रिकामा का करावा?
2. रोजचा ओला कचरा 9 लीटर असेल, तर किती लीटरचा डबा घ्यावा?
3. विरुद्धार्थी शब्द लिहा : ओला, जड, स्वस्त, रुंद.
4. तुमच्या घरातील कचरा सात दिवस मोजा आणि त्याचा तक्ता तयार करा.